पहिल्यांदाच स्कॉटलंडच्या लिंक्सवर गोल्फ खेळायला जाताय? तयारीपासून शेवटच्या फटक्यापर्यंत

आमच्या पुण्याच्या क्लबात दर पावसाळ्यात कुणीतरी जवळ येऊन विचारतं, "स्कॉटलंडला खेळायला जायचंय, काय काय करावं लागतं?" उभ्या उभ्या सांगून ते संपत नाही, म्हणून हा लेख. मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला आठ दिवसांत सात मैदानं खेळलो आणि परत आल्यावर कुठलं भोक (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एक) कुठल्या मैदानातलं, हेही नीट आठवेना. दुसऱ्या खेपेला बायको आणि एक मित्रजोडपं सोबत होतं. आम्ही बारा रात्री राहिलो, मुक्काम फक्त तीन ठिकाणी केला आणि दोन मैदानं दोन-दोनदा खेळलो. त्या सहलीतला जवळजवळ प्रत्येक फटका आजही डोळ्यांपुढे आहे. खालच्या सूचना दुसऱ्या सहलीतून आल्या आहेत आणि सावधगिरीचे इशारे बहुतेक पहिल्या सहलीतून.

सहल महागडी आहे, हे आधीच सांगतो. पण पैसे टाकले म्हणजे सगळं जमतं, असं इथे होत नाही. तारखा, सोडत आणि कागद यांचं गणित आधी जमवावं लागतं.

१. लिंक्स म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

समुद्राकाठच्या कुठल्याही गोल्फ मैदानाला लिंक्स म्हणत नाहीत. भरतीची रेघ आणि शेतीची जमीन यांच्यामधला जो वाळूचा उंचसखल पट्टा असतो, तो लिंक्स. कोकणात पुळण संपते आणि सुरूचं बन सुरू होतं, ती जागा डोळ्यांसमोर आणा. फक्त झाडं काढून टाका आणि तिथे आखूड, चिवट गवत पसरा. पीक घेण्याच्या कामाची ही जमीन नव्हती, म्हणून तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे आणि गावातली माणसं गोल्फ खेळायची. वाळूमुळे पाणी झटकन मुरतं आणि जमीन टणक राहते. चेंडू पडल्यावर थांबत नाही, पळतो. आपल्याकडच्या झाडाझुडपांतल्या, पाणी पाजून मऊ ठेवलेल्या मैदानांवर लागलेल्या सगळ्या सवयी इथे मोडाव्या लागतात.

खेळही इथलाच आणि जुना. १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या काळात स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून यातच रमले होते. १५५२ च्या एका सनदेत सेंट अँड्र्यूज या किनाऱ्यावरच्या गावातल्या लोकांचा तिथल्या लिंक्सवर गोल्फ खेळण्याचा हक्क नोंदवलेला आहे. ही सनद लक्षात ठेवा. पुढे सोडतीची भानगड येते, तिचं मूळ या हक्कात आहे.

२. मैदानं कमी निवडा, मुक्काम लांब ठेवा

माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच आहे. लिंक्स पहिल्या राउंडमध्ये, म्हणजे अठरा भोकांच्या पहिल्या फेरीत, कळत नाही. चेंडू कुठे उडी घेतो, कुठला उंचवटा त्याला आत ओढतो, वारा कुठून फिरतो, हे एकदा चुकल्याशिवाय समजत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच टीवर (भोकाचा पहिला फटका मारायची जागा) उभं राहिलं की मैदान ओळखीचं वाटू लागतं आणि खरी मजा तिथून सुरू होते. सहल कंपन्या दिवसाला एक मैदान दाखवणारा कार्यक्रम पुढे करतात, कारण नावांची यादी छापून चांगली दिसते. तो घेऊ नका.

पहिल्यांदा जाणाऱ्याने असे तीन मुक्काम करावेत:

सेंट अँड्र्यूजला पाच ते सहा रात्री. ओल्ड कोर्स या तिथल्या सर्वात जुन्या, नावाजलेल्या मैदानाखेरीज इथे १८९५ चा न्यू कोर्स आणि १८९७ चा ज्युबिली आहे. दोन्ही अस्सल लिंक्स, आणि तिथे खेळायच्या वेळा पुष्कळ सहज मिळतात. नाव 'न्यू' असलं तरी तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि तिथले स्थानिक लोक आवडीने तो खेळतात. पाऊण तासावर, टे नदीच्या पुलापलीकडे कार्नूस्टीचं मैदान आहे. १९९९ च्या ओपनमध्ये (ब्रिटनची सर्वात मोठी गोल्फ स्पर्धा) जाँ व्हान दे व्हेल्ड हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या भोकावर तीन फटक्यांच्या आघाडीने उभा होता. त्याचा चेंडू बॅरी बर्न या ओढ्यात गेला, त्या भोकाला सात फटके लागले आणि बरोबरी फोडण्यासाठी झालेल्या प्ले-ऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. त्या ओढ्यासमोर उभं राहिल्यावर तो नुसता किस्सा राहत नाही.

नॉर्थ बेरिक आणि गलन परिसरात तीन रात्री. एडिंबरोच्या पूर्वेला हा किनारा आहे. नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवर तेराव्या भोकाच्या ग्रीनपुढे (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापुढे) चक्क दगडी गडगा आहे आणि चेंडू त्याच्यावरून मारावा लागतो. पंधरावं भोक 'रेडान'. तिरकं, मागे उतरत जाणारं ते ग्रीन जगभरच्या मैदानांनी उचललं आहे. शेजारच्या म्युअरफील्डचा क्लब १७४४ चा. गोल्फचे सर्वात जुने ज्ञात लिखित नियम, एकूण तेरा, याच क्लबाच्या खेळाडूंनी एडिंबरोजवळच्या लीथला असताना केले. म्युअरफील्डला लागून असलेलं 'ग्रेवॉल्स' हे हॉटेल आपल्या माणसांनी मुद्दाम पाहावं. १९०१ चं हे घर एडविन लटयन्सने बांधलं, ज्याने पुढे नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन उभारलं. खिशाला जड आहे, पण सहलीत एकदाच चैन करायची असेल तर मी ती इथे करीन.

एअरशरमध्ये तीन रात्री. हा पश्चिम किनारा. इथे प्रेस्टविक आहे, जिथे १७ ऑक्टोबर १८६० रोजी पहिली ओपन स्पर्धा झाली. आठ खेळाडू, बारा भोकांचं मैदान, एका दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क जिंकला. पहिल्या भोकाच्या उजवीकडे अगदी खेटून रेल्वे आहे. भिंतीपलीकडे गाडी उभी असते, डब्यातली माणसं खिडकीतून पाहत असतात आणि तुम्हाला पहिला फटका मारायचा असतो. पाचव्या भोकाचं नाव 'हिमालया'. वाळूच्या टेकाडामागे ग्रीन लपलेलं, दिसत काहीच नाही. आंधळा फटका मारायचा, चढून पलीकडे जायचं, आणि ग्रीन मोकळं झालं की मागच्यांसाठी घंटा वाजवायची. जवळच रॉयल ट्रूनचं आठवं भोक 'पोस्टेज स्टॅम्प', जेमतेम १२३ यार्डांचं. १९७३ च्या ओपनमध्ये ७१ वर्षांच्या जीन सॅराझनने इथे एका फटक्यात चेंडू भोकात घातला होता.

उत्तरेतलं रॉयल डॉर्नॉक अप्रतिम आहे, पण लांब आहे. ते दुसऱ्या सहलीसाठी ठेवा.

३. महिना ठरवताना

मे ते सप्टेंबर हा हंगाम. मी मे अखेर ते जूनचा मध्य सुचवतो. गॉर्स नावाची काटेरी झुडपं तेव्हा पिवळीधमक फुललेली असतात आणि सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. संध्याकाळी सहाला सुरुवात करूनही अठरा भोकं होतात. तरी जूनमधल्या दुपारीही पारा पंधरा-सोळा अंशांवर असू शकतो, आणि पूर्व किनाऱ्यावर 'हार' नावाचं समुद्री धुकं अर्ध्या तासात सगळं झाकून टाकतं.

तीन गोष्टी कॅलेंडरवर आधी पाहा. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा असते आणि तेव्हा ओल्ड कोर्स, कार्नूस्टी, किंग्जबार्न्स तिन्ही अडकलेली असतात. आणि जुलै २०२७ मध्ये ओपन सेंट अँड्र्यूजला आहे, त्यामुळे त्या वर्षी स्पर्धेच्या आधीचे आठवडेही पाहुण्यांसाठी अडचणीचे. हिवाळ्यात दर खूप उतरतात, पण ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) चटईच्या तुकड्यावर चेंडू ठेवून मारावा लागतो. एवढ्या लांब जाऊन तसं खेळू नये.

४. ओल्ड कोर्सवर वेळ मिळवणं

नवख्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे उडतो, म्हणून सविस्तर सांगतो.

ओल्ड कोर्स कुठल्या खासगी क्लबाचा नाही. पहिल्या टीमागे जी दगडी इमारत फोटोंत दिसते ती रॉयल अँड एन्शंट क्लबाची. तिथे पाहुण्याला प्रवेश नाही. मैदान मात्र गावाचं आहे आणि १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट ते चालवतो. म्हणून कितीही पैसेवाल्याला सगळ्या वेळा विकत घेता येत नाहीत आणि रोजच्या काही वेळा सोडतीने वाटल्या जातात. मला ही पद्धत फार आवडते. मार्ग चार आहेत.

पहिला, आगाऊ अर्ज. आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला थोडे दिवस ट्रस्ट पुढच्या वर्षासाठी अर्ज घेतो. मागणी प्रचंड, पण अर्ज भरायला काही लागत नाही. पुढच्या जूनमध्ये जायचं तर विचार यंदाच्या जुलैत पक्का हवा. बहुतेक लोक जानेवारीत जागे होतात आणि हा मार्ग बंद झालेला असतो.

दुसरा, अधिकृत सहल कंपन्या. ट्रस्टने मान्यता दिलेल्या कंपन्यांकडे हमखास वेळा असतात, पण त्या हॉटेल आणि इतर मैदानांसकट गठ्ठ्यानेच मिळतात आणि किंमत बरीच चढते. दोन दिवसांत उरकायचं असेल तर हाच मार्ग. सापळा असा की 'ओल्ड कोर्सची हमी' असं कुणीही लिहितं. पैसे भरण्यापूर्वी ट्रस्टच्या यादीत कंपनीचं नाव आहे का ते पाहा, आणि तारीख-वेळ लेखी मागा. पहिल्या खेपेला आम्ही ज्या एजंटमार्फत गेलो त्याच्या 'हमी'चा अर्थ, तुमचं नाव सोडतीत टाकतो, एवढाच निघाला. त्या वेळी आम्ही ओल्ड कोर्स न खेळताच परतलो.

तिसरा, रोजची सोडत. दोन ते चार जणांच्या गटाला ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं नोंदवायची. निकाल त्याच संध्याकाळच्या आसपास लागतो. म्हणजे सोमवारच्या खेळाची सोडत शनिवारी होते. प्रत्येकाचं नाव, आपला क्लब आणि हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा अधिकृत आकडा) हाताशी ठेवा. वेळ तिथली धरायची. उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, म्हणजे त्यांचे दुपारचे दोन म्हणजे आपले साडेसहा. ज्यांनी म्हाडाची सोडत पाहिली आहे त्यांना हे वातावरण वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की इथे रोज नव्याने भाग घेता येतो. लांब मुक्कामाचा फायदा इथे मिळतो: सहा रात्री राहिलात तर चार-पाच वेळा नाव टाकता येतं, दोन रात्रींत एकदाच. पहिली नोंद पुण्याहून निघण्यापूर्वी, पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसासाठी करून ठेवा. आम्हाला चौथ्या दिवशी लागली. सकाळी ट्रस्टच्या दुसऱ्या मैदानावर आधीच वेळ घेतलेली होती, ओल्ड कोर्सची दुपारी मिळाली. त्या दिवशी दोन्ही खेळलो.

चौथा, एकट्या खेळाडूची सोडत. दोघा-तिघांच्या गटात चौथी जागा रिकामी असते, ती एकट्याला देतात. पूर्वी यासाठी लोक रात्रभर रांग लावायचे. आता आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं आणि संध्याकाळी निकाल पाहायचा. चौघांची सोडत लागत नसेल तर दोघा-दोघांत वाटून घेण्यापेक्षा एकेकट्याने नाव देण्याचाही विचार करा.

५. हँडिकॅप आणि बाकीचे क्लब

निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या क्लबाच्या सचिवाकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हँडिकॅपचं पत्र घ्या. इंडियन गोल्फ युनियनच्या नोंदीतला आकडा आणि पत्रातला आकडा एकच असायला हवा. ओल्ड कोर्ससह बहुतेक जुन्या मैदानांवर ते मागतात, आणि प्रत्येकाची कमाल मर्यादा वेगळी आहे. त्या त्या मैदानाच्या अधिकृत पानावर ती वाचूनच वेळ घ्या. हँडिकॅप नसेल तर पैसे भरूनही परत पाठवतात.

खासगी क्लब पाहुण्यांना ठरावीक वारीच घेतात. म्युअरफील्डला मंगळवार आणि गुरुवार. तिथला दिवस पूर्ण द्यावा: सकाळी आपापल्या चेंडूने एक राउंड, मग कोट-टाय घालून भरपेट जेवण, आणि दुपारी दोघांत एक चेंडू घेऊन आळीपाळीने फटके मारण्याचा फोरसम. प्रेस्टविक, ट्रून, नॉर्थ बेरिक यांच्या वेळाही वर्षभर आधीपासून भरत जातात. म्हणून हे वार आधी पक्के करा आणि सेंट अँड्र्यूजचा मुक्काम त्याभोवती बसवा.

६. व्हिसा आणि कागदपत्रं

ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो. मुंबई आणि पुण्यात अर्जकेंद्रं आहेत, तिथे बोटांचे ठसे द्यावे लागतात. निकालाला साधारण तीन आठवडे धरतात. मी पाच धरून चालतो.

बरोबर घ्यायचे कागद:

- पासपोर्ट, जुने असतील तर तेही
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजेचं पत्र; व्यवसाय असेल तर नोंदणी आणि जीएसटीचे कागद
- हॉटेल आणि मैदानांची आरक्षणं
- क्लबाचं हँडिकॅपचं पत्र (जाण्याचा हेतू यातून लगेच स्पष्ट होतो)
- प्रवास विमा, ज्यात गोल्फचं साहित्य धरलेलं असेल

दोन सापळे. सातबारा, फेरफार, मराठीतलं खरेदीखत असे कागद जोडणार असाल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवंच. आणि अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली हे कागदाने दाखवता आलं नाही तर संशय येतो. आमच्या ओळखीत एकाचा व्हिसा नेमका यावर नाकारला गेला, आणि तोवर त्याने मैदानांचे पैसे भरलेले होते. ज्या आरक्षणांचे पैसे परत मिळतात, ती आधी करा.

७. खर्चाचा अंदाज

नामांकित मैदानांवर एका राउंडला माणशी साधारण दोनशे ते साडेतीनशे पौंड धरा. हंगामात ओल्ड कोर्स तीनशेच्या वर जातो. एअरशरमधलं टर्नबेरी याहून कितीतरी महाग आहे. दीपगृहाजवळची ती भोकं पाहण्यासारखी आहेत, पण त्या पैशात मी प्रेस्टविक दोनदा खेळेन. न्यू आणि ज्युबिली पुष्कळ स्वस्त आहेत. कॅडीला, म्हणजे बॅग उचलून वाट सांगणाऱ्या सोबत्याला, साठ-सत्तर पौंडांपासून वर आणि शिवाय बक्षिसी. हे रोख द्यायचं असतं.

सहल भारतातल्या कंपनीकडून घेतली तर बिलावर टीसीएस (बिलाबरोबरच आगाऊ वसूल होणारा आयकर) लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण निघताना तेवढी रक्कम हातातून जाते, तिची सोय ठेवा. आपल्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार बसतो. हॉटेलसारखी मोठी बिलं फोरेक्स कार्डावर द्या.

८. बॅग भरताना

पहिल्या सहलीत माझी गोल्फची बॅग दोन दिवस उशिरा पोहोचली. तेव्हापासून बूट, पावसाळी जाकीट-पँट, हातमोजे आणि एक बदली जोड कपडे मी हातातल्या बॅगेत घेतो. क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, भाड्याने चांगले मिळतात. पायाला सवयीचे बूट मिळत नाहीत.

- पावसाळी जाकीट आणि पँट, पूर्ण पाणी अडवणारी. छत्री नेऊ नका, वाऱ्यात ती टिकत नाही.
- पावसात पकड देणारे हातमोजे, दोन्ही हातांचे
- लोकरीची टोपी आणि एकावर एक घालता येतील असे पातळ स्वेटर
- चेंडू दोन डझन तरी. गॉर्समध्ये गेलेला शोधायला हात घालू नका.
- म्युअरफील्डला जाणार असाल तर कोट आणि टाय

बुटांच्या तळांची माती घरीच ब्रशने घासून धुवा. खाण्याचे पदार्थ नेताना दूधदुभत्याचे नेऊ नका. पेढे, बर्फी, साजूक तूप यांना ब्रिटनमध्ये मनाई आहे. चिवडा, तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या न्या; लाडूंऐवजी गूळपापडी असेल तर तीही तेलातली.

९. तिथे फिरणं आणि खाणं

मुंबईहून लंडनमार्गे किंवा दुबई-दोहामार्गे एडिंबरो गाठा. सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्थानक नाही. लूकर्सला उतरून बस किंवा टॅक्सी. चौघं असाल तर मोठी गाडी भाड्याने घ्या. तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात आणि आपलं लायसन्स चालतं. मात्र स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षाही कडक आहे. खेळ झाल्यावर एक पेला झाला तरी टॅक्सीच घ्या.

शाकाहाऱ्यांचे हाल होतील अशी भीती मला होती, ती खोटी ठरली. क्लबहाउसात मसुराचं गरम सूप बहुतेक वेळा असतं. फक्त ते मांसाच्या पाण्यात शिजवलेलं नाही ना, हे विचारून घ्या. भिजून आल्यावर ते सूप आणि पाव याहून चांगलं काही नाही.

१०. लिंक्सवर खेळायचं कसं

ओल्ड कोर्सवर पहिल्या दिवशी कॅडी घ्याच. मैदानावर फिरायला बग्गी मिळत नाही (वैद्यकीय कारणाचा दाखला असेल तर वेगळी गोष्ट), त्यामुळे आठ-दहा किलोमीटर चालायची तयारी ठेवा. इथे सात ग्रीनं जोडग्रीनं आहेत, म्हणजे दोन भोकांना एक अवाढव्य ग्रीन. फक्त पहिलं, नववं, सतरावं आणि अठरावं यांची स्वतंत्र. ११२ बंकर (वाळूचे खड्डे) आहेत आणि त्यातले कित्येक टीवरून दिसतच नाहीत. कॅडी सांगेल त्या मनोऱ्यावर किंवा झुडपावर नेम धरा.

तिसऱ्या भोकावर माझा चेंडू ग्रीनच्या तीस-पस्तीस यार्ड अलीकडे होता. मी सवयीने वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारा क्लब, काढला. कॅडी साठीचा गृहस्थ, त्याने काही न बोलता माझ्या हातातला वेज काढून घेतला आणि पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवणारा क्लब, दिला. मी खाली वाकून गवत पाहिलं. ते बोटाच्या पेराएवढंही उंच नव्हतं, खालची जमीन फरशीसारखी. वेजची धार तिथे घुसायला जागाच नव्हती. पटरने जरा जोरात मारला. चेंडू एका खळग्यात उतरला, पलीकडच्या उतारावर चढला, डावीकडे वळला आणि भोकापासून हातभर अंतरावर थांबला. त्यानंतर पूर्ण राउंडभर ग्रीनच्या आसपास मी वेजला हात लावला नाही. घरी असताना पन्नास यार्डांवरून पटर आणि सात नंबरच्या लोखंडी क्लबने चेंडू घरंगळवण्याचा सराव करून जा. तेवढा एक सराव पुरेसा आहे.

वाऱ्याविरुद्ध जोर वाढवू नका, मोठा क्लब घेऊन हळू मारा. बंकरांच्या भिंती गवताच्या चकत्या एकावर एक रचून उभ्या केलेल्या असतात. भोकाकडे मारण्याचा हट्ट सोडा, आडवा किंवा मागे चेंडू काढा. १९९५ च्या ओपनमध्ये चौदाव्यावरच्या 'हेल' बंकरमधून बाहेर यायला जॅक निकलससारख्या दिग्गजाला चार फटके लागले होते.

राउंड साधारण चार तासांत संपवायची अपेक्षा असते. मागचे खोळंबले तर त्यांना पुढे जाऊ द्या. चेंडू कुणाच्या दिशेने गेला तर मोठ्याने 'फोर' ओरडायला लाजू नका, कारण पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला छेदून गावाचा एक रस्ता जातो आणि त्यावरून माणसं ये-जा करत असतात. ती जाईपर्यंत थांबायचं. तो त्यांचा हक्क आहे.

११. सोबत न खेळणारं माणूस असेल तर

रविवार त्यांच्यासाठी राखून ठेवा. ओल्ड कोर्स त्या दिवशी बागेसारखा खुला असतो. गावातली माणसं मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन फेअरवेवरून फिरतात. स्विल्कन ओढ्यावरचा तो छोटा दगडी पूल तेव्हा निवांत पाहता येतो. तिथून कॅथीड्रलच्या पडक्या आवारातल्या स्मशानभूमीत जा. गोल्फच्या सुरुवातीच्या काळातले नामांकित खेळाडू थोरला टॉम मॉरिस आणि त्याचा मुलगा तिथे पुरलेले आहेत. मुलाने चार वेळा ओपन जिंकली आणि १८७५ च्या नाताळच्या दिवशी, चोविसाव्या वर्षी तो गेला. भिंतीत त्याची चेंडूवर वाकलेली मूर्ती आहे. बाप पुढे १९०८ पर्यंत जगला. नॉर्थ बेरिकला असताना बोटीने बास रॉकभोवती फिरून या. गॅनेट पक्ष्यांनी तो अख्खा खडक पांढरा झालेला असतो.

आणि सेंट अँड्र्यूजमध्येच, ओल्ड कोर्सच्या शेजारी, 'हिमालया' नावाचं आणखी एक ठिकाण आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबाचं हे मैदान. नुसते चढउतार, हातात फक्त पटर आणि एक चेंडू. थोड्या पौंडांत कुणालाही खेळता येतं, हँडिकॅप नको, ओळख नको. माझ्या बायकोने आयुष्यात कधी क्लब धरला नव्हता. ती आणि मित्राची बायको एका संध्याकाळी तिथे गेल्या, साडेनऊला आम्ही बोलवायला गेलो तेव्हा अजून खेळत होत्या. उजेड भरपूर होता. आम्हीही दोन पटर घेतले.